खिंडीपलीकडचं लग्न

अक्का मेल्याची बातमी आम्हाला एका भांडेवालीनं सांगितली, तेव्हा अक्का चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. भांडेवालीनं डोक्यावरची जर्मनच्या भांड्यांची पाटी उतरवली, मायच्या शेजारी टेकली, पदरानं मान पुसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "लई वाईट झालं बगा तुमच्या थोरलीचं. म्या घाटावर गेल्ते तवा कळालं." भांडेवाली आपल्याच नादात सांगत होती, की सासरच्यांनी तेरावा घातला, आणि आता पोराचा संसार उघड्यावर पडू नये म्हणून माकणीकडची मुलगी केलीय, येत्या सोमवारी गोरज मुहूर्तावर लग्न आहे. मायनं कसंबसं विचारलं, "कुणाचं म्हणताव तुमी?" ती म्हणाली, "तुमच्या हिराचं की." तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. अक्का पिठाच्या हातांनी मागं वळली आणि म्हणाली, "हिरा म्याच हाय." त्या बाईनं अक्काला कधी पाहिलेलं नव्हतं. ती उठली, पाटी स्वतःच उचलून डोक्यावर घेतली आणि मागं न बघता पांदीनं निघून गेली. पाटीतलं एक पातेलं आमच्या ओट्यावरच राहिलं. ते न्यायलासुद्धा ती परत आली नाही.

आम्ही मेंढरंवाले. घाटाच्या पायथ्याला, सोलापूरच्या अंगाला आमची वस्ती होती: दोन छपरं, एक लिंब, काट्यांच्या कुंपणाचा वाडगा आणि त्यात शंभराच्या आसपास जनावर. त्या घरात शांतता अशी कधी नसायचीच. मेंढ्या झोपेतही खोकतात हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. पहाटे आधी कोकरं ओरडायची, मग त्यांच्या आया, मग कुत्री, मग आबा. आबा म्हणजे आमचा बाप. त्यांचा आवाज या सगळ्यांत बारीक. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक. थंडीत हुलग्याचं माडगं. सणाला येसराची आमटी, तिचा वास कपड्यांना दोन दोन दिवस राहायचा. माझ्या बापाची थोरली बहीण, काशीआत्या, विधवा होऊन आमच्यातच राहायची. दिवसभर तिच्या हातातली चाती फिरत असायची आणि लोकरीचा धागा निघत असायचा. बोलताना ती कधी थांबवायची नाही. आत्याची चाती थांबली की घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडं बघायचं.

भांडेवाली गेली तेव्हा ती थांबली.

अक्काचं थोडं सांगायला पाहिजे. तिला खिंडीच्या पलीकडं दिली होती. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. दया म्हणून नव्हे. पुस्तकात नाव येण्याएवढाही मान मला त्या गावाला द्यायचा नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अक्काचं मूल पोटातच गेलं आणि तिच्या अंगात ताप मुरला. एक दिवस तिचा नवरा, आम्ही ज्यांना दाजी म्हणायचो ते, आणि तिची सासू तिला भाड्याच्या जीपमधून घेऊन आले. जीपचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. सासू म्हणाली, "बरी झाली की नेतो." मायनं चहा ठेवला होता, तो तसाच चुलीवर आटला. पुढं अक्का बरी झाली, पण अंगात ताकद अशी आली नाही. लांबून जीपचा आवाज आला की ती हातातलं काम ठेवायची आणि केसांवरनं हात फिरवायची. हे मी इतक्यांदा पाहिलं की जीपचा आवाज कानावर पडताच मी उठून वाडग्याकडं निघून जायची. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. रात्री अंथरुणात पडून दाजींच्या दारातली कडब्याची गंज डोळ्यांपुढं आणायची. काड्यापेटीतली एक काडी पुरली असती. गंजीवरून जाळ गोठ्यात, गोठ्यावरून घरात. सगळ्यांत शेवटी सासूचं लुगडं पेटायचं. ते झालं की मला शांत झोप लागायची.

त्या दिवशी आबा मेंढरं घेऊन आले, त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पायातला काटा काढत बसले. मग म्हणाले, "लग्न होऊ दे. मागून पंच बसवू. न्याय व्हईल."

"लग्न झाल्यावर पंच काय अंतरपाट परत धरणार हायेत?" आत्या म्हणाली.

"त्यांच्या दारात जाऊन तमाशा करायचा न्हाय आपल्याला. बाकीच्या पोरी उजवायच्या हायेत."

बाकीच्या पोरी म्हणजे मी. माझ्यासाठी अक्काला मेलेली राहू द्यायची होती. माझ्या बापाचा राग मला त्या दिवसापुरताच आला, पण आला. सोमवारी आबा उजाडायच्या आत मेंढरं घेऊन लांबच्या माळाला गेले. ते मुद्दाम लांब गेले असं मला आता वाटतं. ते दिसेनासे झाल्यावर आत्यानं मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "सुंदे, भाकरी बांध. खिंडीनं जायचं." मायनं आमच्याकडं पाठ केली आणि अंगण झाडायला घेतलं. जाऊ नका असं ती म्हणाली नाही.

एस.टी. होती. पण ती तुळजापूरला बदलावी लागायची, आणि त्या गावचा थांबा नेमका दाजींच्या घरासमोर. पाहुणे उतरवून घ्यायला त्यांचे भाऊबंद तिथंच उभे असणार. आम्हाला खाली पाय ठेवू दिला नसता. म्हसोबाच्या खिंडीची वाट गावाच्या मागून, मारुतीच्या देवळापाशी निघायची. पूर्वी मेंढरं तिथनं वर न्यायचे. नंतर घाटात डांबरी झाली आणि ती वाट पडून राहिली. नकाशात बघितलं तर बालाघाटाचा हा डोंगर काही फार उंच नाही. गेल्या वर्षी भाच्यानं मला गाडीतून वर नेलं. चार पदरी रस्ता, वर जाऊन चहा घेईपर्यंत पाच मिनिटं लागली असतील, आणि सगळीकडं पवनचक्क्या गरगरतायत. भाचा म्हणाला, मामी, हाच का तुमचा तो डोंगर. मी हो म्हटलं. वैशाखातल्या उन्हात, तापातून उठलेलं माणूस मधे घेऊन चढल्याशिवाय डोंगर किती उंच आहे ते कळत नाही.

सुरुवातीला बरं होतं. पायथ्याच्या ओढ्यात एक डोह अजून शिल्लक होता. तिथं आम्ही प्लॅस्टिकचा कॅन भरून घेतला. अक्का मधे, आत्या पुढं, मी मागं. वाट म्हणजे पावसानं खणलेली घळ होती, तिच्यात सुटा मुरूम. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरायचं. वर गेलं तसं घाणेरी इतकी माजलेली, की वाकून, लुगडी आवरून जावं लागायचं, आणि बाहेर आलं की हातांवर रक्ताच्या रेघा. मधेच वनखात्यानं आडवे चर मारले होते. त्यांत उतरायचं, पलीकडून गुडघे टेकून वर यायचं. प्रत्येक चराला अक्का थांबायची, तोंडानं श्वास घ्यायची. मी तिच्या पाठीला हात लावून वर ढकलायची. तिची पाठ हाताला लागली की बरगड्या मोजता आल्या असत्या, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडात दाजींना एक नवी शिवी यायची. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आम्ही निम्म्यावर होतो. काळे दगड इतके तापले होते की टेकायला हात लावला की चटका बसायचा. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी दोन्ही चपला काढून घाणेरीत फेकल्या.

तिथंच आत्या घसरली. तिला लागलं नाही, पण तिच्या काखेतला कॅन दगडावर आपटला, झाकण उडालं आणि पाणी मुरमात गेलं. आम्ही बघेपर्यंत तिथली ओलसुद्धा वाळली. आणि अक्का, एवढा वेळ काही न बोलता चालणारी, हळूच खाली बसली आणि आडवी झाली. तिचे डोळे उघडे होते पण त्यांना काही दिसत नव्हतं. आम्ही तिला ओढत एका कपारीच्या सावलीत नेलं. आत्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. मी कॅन उचलला आणि खाली निघाले.

तिथवर चढलेला आख्खा चढ मी परत उतरले. डोहापाशी गेले, तोंड बुडवून पाणी प्यायले, कॅन भरला आणि परत वर. अनवाणी. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्वच्छ आठवतं ते हे. पहिल्यांदा चढताना अक्काची काळजी होती, आत्याचा धाक होता. दुसऱ्यांदा माझ्याबरोबर कोणी नव्हतं, फक्त राग होता, आणि राग हा फार चांगला वाटसोबती आहे. तो दमत नाही, पाणी मागत नाही. कॅन या हातातून त्या हातात घेत मी चढत होते आणि मोठ्यानं बोलत होते. अक्काच्या सासूशी बोलत होते. तेराव्याला काय शिजवलं होतं ते विचारत होते. भात केला का, खीर केली का, कोण कोण जेवून गेलं, आणि घास गिळताना घशात अडकला का. मधे एकदा माझा पाय सटकला, मी पालथी पडले आणि हनुवटी फुटली. पण कॅन मी दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता. हनुवटीवरचा तो व्रण अजून आहे. पुढं मी नर्स झाले तेव्हा बाळंतिणी मला विचारायच्या, सिस्टर, हे कशानं लागलं. मी म्हणायची, लग्नाला गेले होते.

वर पोचले तेव्हा अक्का उठून बसलेली होती, पण चेहरा राखेसारखा. आत्या घाबरली होती. तिला घाबरलेली मी त्या आधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "परत फिरू. पोर वाटंत मेली तर त्यांचंच खरं व्हईल."

"तुमी फिरा. म्या एकटी जाते," मी म्हणाले.

"तू जाऊन काय करशील? तुला कोण वळखतंय तिथं? जिती हाय म्हणून दावायला हीच पायजे."

हे खरं होतं. मी कॅन अक्काच्या तोंडाला लावला. ती सावकाश, मधे थांबत थांबत बराच वेळ पाणी प्यायली. उरलेलं थोडं डोक्यावर ओतून घेतलं. मग तोंडावरून ओघळणारं पाणी न पुसताच म्हणाली, "परत कुठं जाऊ आत्या? म्या मेलेली हाय. मेलेल्या माणसाला माहेर बी नसतंय." आणि कपारीला धरून उभी राहिली. तिथून खिंडीच्या माथ्यापर्यंत तिनं आमच्या कुणाचा हात घेतला नाही. शेवटचा टप्पा नुसता कातळ होता, हातापायांवर चढायचा. ती माझ्यापुढं चढत होती. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्यांतून रक्त येत होतं, आणि प्रत्येक दगडावर त्याचा ओला डाग पडत होता. मी त्या डागांवर पाय न देता चढले.

माथ्यावर एकदम वारा लागला. समोर सपाट माळ, त्यापलीकडं नांगरून टाकलेली काळी रानं, आणि त्यांच्या टोकाला ते गाव. लग्नाचा भोंगा तिथपर्यंत ऐकू येत होता. आम्ही म्हसोबाच्या दगडापाशी बसून भाकरी खाल्ली. कोणाला भूक नव्हती, पण आत्या म्हणाली, पोटात असल्याशिवाय भांडता येत नाही. मग ढेकळांतून चालत गेलो. ढेकळं चढणीपेक्षा वाईट. ऊन उतरायला लागलं तेव्हा मारुतीच्या मागच्या विहिरीवर पोचलो. आत्यानं अक्काचं तोंड धुतलं, केस विंचरले, आपल्या कमरेच्या पिशवीतली कुंकवाची डबी काढली आणि विधवेनं लावू नये म्हणून ती माझ्या हातात दिली. मी अक्काच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं.

मांडवात आम्ही शिरलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि मंगलाष्टकं चालली होती. मागच्या बायका अक्षता टाकण्यात गुंतलेल्या. त्यांतल्या एकीनं सहज वळून पाहिलं आणि तिची मूठ तशीच राहिली. तिनं शेजारणीचा हात धरला. असं ते एकीकडून दुसरीकडं पुढं गेलं. अक्का जिथून चालत होती तिथली माणसं आपोआप बाजूला होत होती. भटजींचा आवाज तेवढा चालू होता, मग त्यांनाही कळलं की अक्षता पडायच्या थांबल्यात.

अक्काची सासू आधी पुढं आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. जन्मभर मी त्या चेहऱ्यावर जगले आहे. ती म्हणाली, "आरं, ही येडी कुठून आली? हिला भाईर काढा."

"येडी व्हय?" आत्या म्हणाली. "मग मेली म्हणून सांगितलं ती कोण?"

मुलीचे वडील पाटापाशी उभे होते. पांढरा फेटा बांधलेला, साधा माणूस. त्यांनी अक्काला विचारलं, "बाई, तुमी कोण?"

अक्काचा आवाज कधीच मोठा नव्हता. पण त्या वेळी मांडवात पोरगंसुद्धा रडत नव्हतं. ती म्हणाली, "म्या ह्यांची बायकू. हिरा. म्या मेलेली न्हाय. मला ताप आल्ता."

ते गृहस्थ गावकऱ्यांकडं वळले. "ही त्यांची बायकू हाय का?" जे तेराव्याचं जेवण जेवले होते ते सगळे तिथं होते, आणि सगळे आपल्या पायांकडं बघत होते. त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं. मग नवऱ्या मुलीनंच हात वर करून अंतरपाट खाली ओढला. मुंडावळ्यांच्या आडून तिनं एकदा दाजींकडं पाहिलं. दाजींची मान खाली होती. बाशिंग कपाळावरून घसरून एका बाजूला आलं होतं आणि ते सरळ करायलासुद्धा त्यांचा हात उठत नव्हता. मुलगी पाटावरून उतरली आणि बापाला म्हणाली, "दादा, चला घरी."

मी पुढं झाले. मला दाजींच्या तोंडात मारायची होती. त्यासाठी मी तो डोंगर दोनदा चढले होते. पण अक्कानं मला आडवा हात केला. ती दाजींच्या समोर जाऊन उभी राहिली. लुगड्याचा पदर घेतला आणि मी थोड्या वेळापूर्वी लावलेलं कुंकू सावकाश, पूर्ण पुसून काढलं. सगळ्यांनी पाहावं म्हणून पुसलं. मांडवातल्या बायकांच्या तोंडून एकदम उद्गार निघाला. अक्का म्हणाली, "माझा नवरा मेला. तेरावा तुमी घातलायच. मला परत घालायची गरज न्हाय."

जिवंत माणसाला त्याच्याच मांडवात त्याच्याच बायकोनं मारलेलं मी पाहिलं आहे. मला त्याचा आनंद झाला. तो शब्द मी विचार करून वापरते आहे. मांडवाच्या मागं गव्हाच्या खिरीच्या कढया तशाच राहिल्या, माकणीकरांच्या एकाही माणसानं पाण्याला हात लावला नाही. पुढं पंचांनी जे करायचं ते केलं. आजूबाजूच्या चार तालुक्यांत त्या घराला कोणी मुलगी दिली नाही. माझं लग्न मात्र ठरलं, आबांची भीती खोटी निघाली.

मुलीच्या वडलांनी आम्हाला त्यांच्या टेम्पोतून खाली आणून सोडलं. नवरी हळदीच्या अंगानं अक्काशेजारी बसली होती. वाटेत तिनं विचारलं, "तुमच्याकडं खायला काय हाय का? सकाळपासून उपाशी हाय म्या." आमच्या फडक्यात दीड भाकरी आणि चटणी उरली होती. ती तिनं सगळी खाल्ली. अक्का तिच्याकडं बघत होती. मधेच दोघी कशाला तरी हसल्या. टेम्पोच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

अक्का पुढं अंगणवाडीत मदतनीस झाली, माझ्याकडंच राहिली, माझी मुलं तिनंच वाढवली. आता ती थकली आहे. मी हे लिहिते आहे तेव्हा ती पलीकडच्या खोलीत लसूण सोलत बसली आहे आणि रेडिओ लावला आहे.

काही वर्षांपूर्वी मी तुळजापूरच्या स्टँडवर सोलापूर गाडीची वाट बघत होते. एक वाळलेला म्हातारा काठी टेकत माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. तो माझ्या हनुवटीकडं बघत होता, मग म्हणाला, "सुंदरा न्हव का तू?" आवाजावरून कळलं. दाजी होते. त्यांनी हात जोडले. माणसं बघत होती तरी जोडलेच. म्हणाले, "हिराला एवढं सांग. माझं चुकलं. आईचं ऐकलं म्या. मरायच्या आधी तिनं माफ केलं असं कळालं तर बरं व्हईल." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते म्हातारपणाचं होतं की कशाचं मला माहीत नाही. गाडी लागली. मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "सांगते."

मी सांगितलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. शेवटी शेवटी रोज कोणीतरी निरोप घेऊन येईल म्हणून दारात बसायचे, असंही कळलं. अक्का फार मायाळू आहे. तिनं माफ केलं असतं, मला खात्री आहे. म्हणूनच सांगितलं नाही.